इंटेल, एएमडी की आर्म? प्रोसेसरच्या रचनेवरून चाललेले हे भांडण नेमके कशाचे आहे?

वास्तुरेखा (इंदूर)

नमस्कार. इंदूरला राजेंद्र नगरात माझे वास्तुविशारदाचे छोटे कार्यालय आहे. तेथील पाचही संगणकांत इंटेलच्या चौथ्या पिढीचे प्रोसेसर आहेत. रेखाटनाचे काम त्यांवर अजूनही निभावते. परंतु विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका लागते आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे यंत्रे बदलण्यावाचून आता गत्यंतर उरलेले नाही.

या निमित्ताने सिल्व्हर मॉलमध्ये चौकशी केली. एका दुकानदाराने सांगितले की कार्यालयाच्या कामासाठी इंटेलखेरीज काही घेऊच नये, कारण एएमडीचा प्रोसेसर तापतो. शेजारच्या दुकानात नेमके उलट ऐकायला मिळाले: आता तापतो तो इंटेल, आणि त्याचे मदरबोर्डही दर दोन वर्षांनी बाद होतात. घरी अभियांत्रिकी शिकणारा भाचा आहे. त्याच्या मते हे दोघेही एकाच जुनाट रचनेला चिकटून बसले असून पुढचा काळ आर्म या वेगळ्या रचनेचा आहे.

कोणता प्रोसेसर घ्यावा एवढेच विचारायचे असते तर मी भाच्याचे ऐकून मोकळी झाले असते. मला कुतूहल आहे ते त्यामागच्या गोष्टीचे. इंटेल आणि एएमडी या दोघांच्या प्रोसेसरवर तेच विंडोज आणि तेच ऑटोकॅड चालत असेल, तर ‘आमची रचना वेगळी’ असे दोघेही कशाच्या आधारावर म्हणतात? दोन प्रतिस्पर्धी एकमेकांचा माल इतका हुबेहूब बदलून देऊ शकतात, तरी चाळीस वर्षे भांडतात, हे कसे? चोवीस कोअरचा (म्हणजे आज्ञा चालवणारे चोवीस स्वतंत्र गाभे असलेला) इंटेल सोळा कोअरच्या एएमडीपेक्षा आपोआप सरस ठरतो का? आणि तापण्याचा हा आरोप दर काही वर्षांनी पक्ष का बदलतो? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुना रामबाग (इंदूर)

ताई, मी इंदूरमध्येच अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना संगणकरचना शिकवतो. आपला पहिला प्रश्न दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतोच, आणि त्याचे उत्तर द्यायला एक तास पुरत नाही.

दुकानदार ज्याला सरसकट प्रोसेसर म्हणतो त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकवटलेल्या असतात. पहिली आज्ञासंच, म्हणजे कोणत्या अंकरूपी आज्ञेचा कोणता अर्थ लावायचा याविषयीचा ठराव. दुसरी त्या आज्ञा प्रत्यक्ष अमलात आणणारी अंतर्गत रचना. तिसरी ती रचना सिलिकॉनवर उतरवणारी कारखान्यातील प्रक्रिया. इंटेल आणि एएमडी यांच्यात समान आहे ती केवळ पहिली गोष्ट, म्हणून आपले ऑटोकॅड दोन्हीकडे चालते. बंदिश एकच असली तरी ग्वाल्हेर घराण्याचा गवई ती जशी मांडतो तशी इंदूर घराण्याचा मांडत नाही; अंतर्गत रचनेतला फरक त्याच जातीचा आहे.

आता हा आज्ञासंच दोघांकडे आला कसा, ते पाहू. एक्स ८६ या घराण्याचे मूळ इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ मध्ये आहे. १९८१ मध्ये आयबीएमने आपल्या पीसीसाठी त्याचीच कमी खर्चाची आवृत्ती, ८०८८, निवडली; पण एका सुट्या भागासाठी एकाच पुरवठादारावर विसंबून राहणे आयबीएमला मान्य नव्हते. त्यामुळे १९८२ मध्ये इंटेलने एएमडीबरोबर करार केला आणि तीच चिप बनवण्याची मुभा प्रतिस्पर्ध्याला दिली. बाजार फोफावल्यावर इंटेलला ही उदारता जड वाटू लागली. १९८५ मध्ये ८०३८६ आला तेव्हा त्याचे आराखडे एएमडीला देण्याचे इंटेलने नाकारले, प्रकरण लवादाकडे आणि नंतर न्यायालयांत गेले, एएमडीने स्वतःचा ३८६ बाजारात आणेपर्यंत १९९१ उजाडले आणि सगळे दावे मिटायला १९९५ साल लागले. मधल्या काळात नुसत्या आकड्यावर व्यापारचिन्हाचा हक्क सांगता येत नाही हे न्यायालयाने स्पष्ट केल्यामुळे इंटेलने १९९३ मध्ये पुढच्या चिपला ५८६ ऐवजी पेंटियम असे नाव दिले. गंमत अशी की पेंटियमचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम पुढे इंटेल सोडून नेक्सजेन या लहानशा कंपनीत गेले, ती कंपनी १९९६ मध्ये एएमडीने विकत घेतली आणि तिच्याच रचनेतून एएमडीचा के६ उभा राहिला.

विद्यार्थ्यांना मी सर्वांत रंगवून सांगतो ते यानंतरचे प्रकरण. बत्तीस बिटांची, म्हणजे चिप हाताळू शकेल अशा स्मृतीची, मर्यादा जवळ येऊ लागली तेव्हा जुना आज्ञासंच ओढत नेण्यापेक्षा कोऱ्या पाटीवर नवी रचना लिहावी, असे इंटेलने ठरवले. ह्यूलेट-पॅकार्डच्या साहाय्याने घडवलेला हा इटॅनियम २००१ मध्ये आला. कोणत्या आज्ञा एकाच वेळी चालवता येतील हे चिपने आयत्या वेळी न ठरवता कंपायलरने (प्रोग्रामचे चिपच्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने) आधीच ठरवून ठेवावे, ही त्यामागची कल्पना होती. कागदावर ती देखणी होती. प्रत्यक्षात मात्र स्मृतीतून माहिती यायला किती वेळ लागेल हे कंपायलरला आधी कळत नाही, आणि लोकांच्या हाती असलेले एक्स ८६ चे सॉफ्टवेअर इटॅनियमवर रडतखडत चालत असे. एएमडीने अशी महत्त्वाकांक्षा धरलीच नाही. त्यांनी जुन्या आज्ञासंचालाच चौसष्ट बिटांची जोड दिली, जुने सॉफ्टवेअर पूर्ण वेगाने चालत राहील याची हमी ठेवली आणि २००३ मध्ये ऑप्टेरॉन व ॲथलॉन ६४ बाजारात आणले. पुढच्याच वर्षी इंटेलला तीच वाट धरावी लागली. आपल्या कार्यालयातील इंटेलच्या संगणकावर विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘विनएसएक्सएस’ उघडून पाहा. आतल्या असंख्य नावांची सुरुवात ‘एएमडी६४’ अशी दिसेल. इटॅनियमची शेवटची रवानगी २०२१ मध्ये झाली.

म्हणजे आज अवस्था अशी की मूळ आज्ञासंच इंटेलचा, त्याचा चौसष्ट-बिटी विस्तार एएमडीचा, आणि एकमेकांच्या परवान्यावाचून दोघांपैकी कोणालाही दुकान उघडे ठेवता येणार नाही. स्पर्धेला बाधा आणल्याच्या आरोपावरून एएमडीने २००५ मध्ये इंटेलवर दावा लावला होता. तो २००९ मध्ये मिटला तेव्हा इंटेलने १२५ कोटी डॉलर दिले आणि त्याच तडजोडीत परस्पर परवान्यांचेही नूतनीकरण झाले.

राहिला कोअरचा प्रश्न. इंटेलने २०२१ अखेरीस आलेल्या बाराव्या पिढीपासून डेस्कटॉपवर दोन प्रकारचे कोअर एकत्र बसवले: थोडे मोठे आणि वेगवान, बाकीचे लहान आणि कमी वीज घेणारे. चौदाव्या पिढीतील १४९००के मध्ये चोवीस कोअर आहेत असे म्हणतात तेव्हा त्यातले आठ मोठे आणि सोळा लहान असतात. एएमडीच्या रायझन ९ ९९५०एक्स मधील सोळाही कोअर एकाच तोलामोलाचे आहेत. त्यामुळे चोवीस आणि सोळा हे आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करण्यात अर्थ नाही. या मिश्र रचनेची किंमतही इंटेलने मोजली. एव्हीएक्स-५१२ हा मोठ्या गणितासाठीचा आज्ञाविस्तार इंटेलनेच आणलेला. पण लहान कोअरना तो झेपत नसल्यामुळे डेस्कटॉपवर तो बंद ठेवावा लागला, आणि २०२२ पासून एएमडीच्या प्रोसेसरांत मात्र तो सुखेनैव चालतो.

विश्वामित्रीकाठी (वडोदरा)

वरील उत्तर उत्तम आहे, परंतु त्यात तिसरी गोष्ट, म्हणजे कारखाना, नावापुरती आली आहे. माझे काम चिपच्या आराखड्यांच्या पडताळणीचे आहे आणि वडोदऱ्यात बसून मी ते दूरस्थ पद्धतीने करतो. माझ्या मते मागील दहा वर्षांचा निकाल जेवढा रचनेने लावला त्याहून अधिक कारखान्याने लावला.

इंटेल स्वतःच्या चिप स्वतःच बनवत आली आणि कित्येक वर्षे तिचे कारखाने जगात आघाडीवर होते. पण १० नॅनोमीटरच्या प्रक्रियेवर (आकडा जितका लहान तितकी प्रक्रिया नवी) गाडी अडकली. डेस्कटॉपसाठी २०१५ मध्ये १४ नॅनोमीटरवर आलेला स्कायलेक त्याच प्रक्रियेची डागडुजी करत, मूळ गाभा जवळपास तसाच ठेवून, २०२० पर्यंत नव्या नव्या नावांनी विकला गेला. एएमडीने मात्र २००९ मध्येच आपले कारखाने ग्लोबलफाउंड्रीज म्हणून वेगळे काढले होते. तेव्हा अनेकांनी ते लाचारीचे लक्षण मानले. पण त्यामुळेच २०१९ मध्ये तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीकडून ७ नॅनोमीटरचे झेन २ हे प्रोसेसर बनवून घेण्याची मोकळीक मिळाली. त्याच वेळी त्यांनी एक मोठी चिप कापण्याऐवजी कोअरचे छोटे तुकडे वेगळे आणि स्मृती व इतर जोडण्यांचा तुकडा वेगळा बनवून ते एकाच पाटावर जोडले. सिलिकॉनच्या तबकडीवर दोष विखुरलेले असतात. तुकडा जितका मोठा तितका तो दोषामुळे वाया जाण्याचा संभव अधिक. छोट्या तुकड्यांमुळे वाया जाणारा माल घटला आणि तोच तुकडा घरगुती प्रोसेसरपासून सर्व्हरपर्यंत सर्वत्र वापरता आला.

आता तापण्याविषयी, कारण हा आरोप पक्ष का बदलतो हा ताईंचा सर्वांत मार्मिक प्रश्न आहे आणि त्याला खरेखुरे उत्तर आहे. चिपची वीज साधारणपणे वारंवारितेच्या (सेकंदाला पडणाऱ्या घड्याळी ठोक्यांच्या) पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वारंवारिता वरच्या टोकाला रेटायची तर व्होल्टेजही वाढवावे लागते, त्यामुळे शेवटचे पाच-दहा टक्के मिळवताना वीज भसाभस खर्च होते. जी कंपनी रचनेत किंवा प्रक्रियेत मागे पडलेली असते तिच्याकडे तुलनेचे तक्ते जिंकण्यासाठी हाच एक उपाय उरतो. ‘एएमडी तापतो’ ही ख्याती २००० च्या आसपासची; तेव्हाच्या ॲथलॉनमध्ये तापमान वाढताच स्वतःहून वेग कमी करण्याची सोय नव्हती, ती पेंटियम ४ मध्ये होती. पण २००४ मध्ये इंटेलने त्याच पेंटियम ४ ची प्रेस्कॉट ही आवृत्ती एकतीस टप्प्यांच्या लांबलचक पाइपलाइनसह (आज्ञा ज्या टप्प्यांतून पुढे सरकते त्या साखळीसह) आणली. ही रचनाच वारंवारिता वाढवत नेण्यासाठी आखलेली होती, आणि उष्णतेमुळे ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ जाहीर करूनही रद्द करण्याची पाळी आली. २००६ च्या कोअर २ ड्युओने इंटेलची सुटका केली, ती कमी वारंवारितेत अधिक काम उरकून. मग पाळी एएमडीची: २०११ चा बुलडोझर मागे पडला आणि २०१३ मध्ये त्याच घराण्यातील एफएक्स-९५९० तब्बल २२० वॉटपर्यंत रेटला गेला. अलीकडे १४९००के ची कमाल मर्यादा २५३ वॉट होती. कोण तापतो हे पाहिले की त्या वर्षी कोण मागे होता याचा बराचसा अंदाज येतो.

जुना रामबाग (इंदूर)

तापण्याविषयीचे विवेचन मला मान्य आहे, कारखान्याला दिलेले श्रेय मात्र पूर्णपणे मान्य नाही. बुलडोझर पडला तो रचनेमुळे: दोन पूर्णांक-कोअरना एकच दशांश-गणित एकक वाटून दिल्यामुळे कोअरची संख्या फुगली आणि प्रत्येक कोअर दुबळा राहिला. अशा जोडीला दोन कोअर म्हणावे की नाही, यावरून अमेरिकेत खटलाही झाला आणि एएमडीने १ कोटी २१ लाख डॉलर देऊन तो मिटवला. २०१७ चा पहिला झेन १४ नॅनोमीटरचाच होता, म्हणजे नावापुरते पाहिले तर इंटेलच्या बरोबरीचा. तरी घड्याळाच्या दर ठोक्याला होणाऱ्या कामात एएमडीच्या स्वतःच्या दाव्यानुसार ५२ टक्के वाढ झाली. ती वाढ कारखान्यातून आलेली नव्हती.

उलट दिशेचा दाखला आणखी ताजा आहे. इंटेलचा ॲरो लेक २०२४ मध्ये टीएसएमसीच्या ३ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनला आणि एएमडीचा झेन ५ त्याच टीएसएमसीच्या ४ नॅनोमीटरवर. कारखाना एकच, प्रक्रिया उलट इंटेलचीच नवी, तरी संगणकीय खेळांच्या चाचण्यांत ॲरो लेक अनेक ठिकाणी स्वतःच्याच मागच्या पिढीच्या मागे पडला. स्मृतीनियंत्रक कोअरच्या तुकड्यात न ठेवता वेगळ्या तुकड्यात हलवल्यामुळे प्रत्येक फेरीला होणारा विलंब त्याला भोवला. विजेच्या बाबतीत तो आधीच्या पिढीपेक्षा बराच समंजस निघाला, हेही सांगायला हवे. याच्या उलट एएमडीने २०२२ मध्ये ५८००एक्स३डी च्या तुकड्यावर कॅशेचा (चिपवरच्या जलद स्मृतीचा) आणखी एक थर चढवून ती ९६ एमबी केली, आणि वारंवारिता थोडी कमी असूनही खेळांत तो महागड्या प्रोसेसरांच्या तोडीस तोड चालला. रेंडरिंगला, म्हणजे आराखड्यावरून चित्र तयार करण्याच्या कामाला, त्याचा विशेष उपयोग होत नाही, म्हणून वास्तुरेखा यांनी खेळांच्या तक्त्यांकडे पाहून खरेदी करू नये.

लष्करवाले (ग्वाल्हेर)

विद्वानांच्या मध्ये बोलतो, कारण माझा संबंध चिपशी येतो तो कॅबिनेट उघडल्यावरच. ग्वाल्हेरला लष्कर भागात माझे संगणक जोडणीचे आणि दुरुस्तीचे काम आहे.

दुसऱ्या दुकानदाराचे मदरबोर्डविषयीचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. इंटेलने २०१५ मध्ये ११५१ पिनांचे सॉकेट (बोर्डावरील प्रोसेसरची बैठक) आणले, २०१७ मध्ये पिनांची संख्या तीच ठेवूनही नव्या प्रोसेसरना जुने बोर्ड चालेनासे केले, २०२० मध्ये १२००, २०२१ मध्ये १७०० आणि २०२४ मध्ये १८५१ पिनांचे सॉकेट आले. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर मात्र २०१७ च्या अनेक बोर्डांत बायोस (बोर्डातील मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून २०२२ चा ५८००एक्स३डी बसवता आला. गिऱ्हाइकाचा बोर्ड, रॅम आणि कॅबिनेट तसेच ठेवून केवळ प्रोसेसर बदलून देण्याची कामे मी या एकाच सॉकेटवर सर्वाधिक केली आहेत.

पण एएम४ चा एक ताप मला सांगितलाच पाहिजे. त्यात पिना सॉकेटमध्ये नसून प्रोसेसरच्या पोटाला असतात, एकूण १३३१. काही वर्षे चाललेल्या यंत्रात पंख्याखालची थर्मल पेस्ट वाळून डिंकासारखी चिकटते. अशा वेळी हीटसिंक सरळ वर ओढला तर कडी लागलेली असूनही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून वर येतो आणि कोपऱ्यातल्या पिना वाकतात. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटे एखादे जड काम चालवून पेस्ट उबदार करावी, मग यंत्र बंद करून हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवावा. तरीही पिन वाकलीच तर ०.५ च्या मेकॅनिकल पेन्सिलीतले शिसे काढून टाकून तिची रिकामी नळी पिनेवर चढवायची आणि रांगेच्या बरोबरीला आणायची. दोनदा उलटसुलट वाकवली की पिन तुटते. इंटेलने २००४ पासून डेस्कटॉपच्या पिना सॉकेटमध्ये नेल्या, २०२२ मध्ये एएम५ वर एएमडीनेही तेच केले. आता वाकल्यास बोर्ड जातो, प्रोसेसर वाचतो.

दुसरे, इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचा जुना माल स्वस्तात मिळाला तर सावध राहा. त्यातील अनेक डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत असल्यामुळे हळूहळू अस्थिर होत असल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले, ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची (चिपच्या आतल्या नियंत्रण-आज्ञांची) दुरुस्ती दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. मात्र आधीच बिघडलेली चिप त्या दुरुस्तीने सुधारत नाही.

वास्तुरेखा (इंदूर)

आपणा सर्वांची मी आभारी आहे. भाच्याला हा सगळा मजकूर वाचून दाखवला. त्याचे म्हणणे असे की यात दोघांच्या भांडणाचा इतिहास आहे, पण मॅकच्या एम१ या आर्म प्रोसेसरने जे करून दाखवले त्याचा कोणी उल्लेखही केला नाही. माझ्यापुरते आणखी दोन तपशील देते. रेखाटन ऑटोकॅडमध्ये आणि मोठे प्रकल्प रेव्हिटमध्ये होतात. रेंडरिंग एकाच यंत्रावर, बहुधा रात्री लावून ठेवतो. एक जुना प्लॉटर आहे आणि एका सॉफ्टवेअरची परवाना-किल्ली यूएसबी डोंगलमध्ये आहे.

जुना रामबाग (इंदूर)

भाच्याची तक्रार रास्त आहे. आर्मची पहिली चिप १९८५ मध्ये केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी घडवली. आर्म कंपनी आपल्या नावाची चिप दुकानात विकून मोठी झाली नाही, तर आज्ञासंच आणि गाभ्याचे आराखडे परवान्यावर देऊन झाली. म्हणून ॲपल, क्वालकॉम आणि ॲमेझॉन तिघेही आर्मवर आधारित प्रोसेसर बनवतात. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या एम१ ने दाखवून दिले की पंख्यावाचून चालणारा लॅपटॉपही डेस्कटॉपच्या तोडीचे काम करू शकतो.

त्यामागे आज्ञासंचाचा वाटा आहे, पण भाचा समजतो तेवढा नाही. आर्मच्या चौसष्ट-बिटी आज्ञा सगळ्या चार बाइटांच्या असतात, तर एक्स ८६ ची आज्ञा एका बाइटपासून पंधरा बाइटांपर्यंत कितीही लांब असू शकते. पुढची आज्ञा कोठे सुरू होते हे आधीची उलगडल्याशिवाय नक्की कळत नाही, त्यामुळे एकाच ठोक्यात अनेक आज्ञा उलगडणे एक्स ८६ ला अवघड जाते. एम१ चे मोठे कोअर एका ठोक्यात आठ आज्ञा उलगडत, तेव्हा एक्स ८६ वाले त्याच्या बरेच मागे होते. तथापि ती भिंत अभेद्य नव्हती. इंटेलच्या २०२४ च्या लूनर लेकमध्ये मोठा कोअर आठ आज्ञा उलगडतो, आणि त्यावरचे लॅपटॉप बॅटरीच्या बाबतीत आर्मच्या बरेच जवळ पोहोचले. शिवाय एक्स ८६ चे प्रोसेसर १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच बाहेरून आलेल्या गुंतागुंतीच्या आज्ञा आत लहान सोप्या क्रियांमध्ये मोडून चालवतात. ॲपलच्या यशात टीएसएमसीची सर्वांत नवी प्रक्रिया सर्वांआधी मिळणे आणि मोठी कॅशे परवडणे यांचाही वाटा आहे. तेवढा विश्वामित्रीकाठी यांचा मुद्दा मी येथे मान्य करतो.

दोन्ही कंपन्यांना मात्र ही झळ लागली आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये इंटेल आणि एएमडी यांनी एक्स ८६ मधील नवे विस्तार एकमेकांशी जुळते राहावेत म्हणून एक सल्लागार गट स्थापन केला. परवान्यांची भांडणे आर्मच्या अंगणातही आहेत: क्वालकॉमने नुव्हिया कंपनी विकत घेतल्यावर तिचा परवाना क्वालकॉमला लागू होतो की नाही, यावरून आर्मने २०२२ मध्ये क्वालकॉमलाच न्यायालयात खेचले. या कटकटींतून सुटण्यासाठी आज्ञासंचच खुला ठेवणारा आरआयएससी-व्ही हा तिसरा पंथ २०१० मध्ये बर्कलीला सुरू झाला, आणि आपल्याकडे आयआयटी मद्रासचा शक्ती व सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर त्यावरच उभे आहेत. वास्तुविशारदाच्या टेबलावर ते येण्याचा प्रश्न आज तरी नाही.

आपल्या कार्यालयापुरते उत्तर मात्र सरळ आहे. रेव्हिट मॅकवर मिळत नाही. विंडोजच्या आर्म लॅपटॉपवर साधे सॉफ्टवेअर अनुवादाच्या थरातून चालून जाते, परंतु यंत्रणेच्या गाभ्यात बसणाऱ्या ड्रायव्हरचा (जोडलेले उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) असा अनुवाद होत नाही. तो मुळातच आर्मसाठी लिहिलेला लागतो. जुन्या प्लॉटरचा आणि डोंगलचा तसा ड्रायव्हर बनवण्याची तसदी निर्मात्याने घेतली असेल, असे मला वाटत नाही.

विश्वामित्रीकाठी (वडोदरा)

सहमत. ऑटोकॅडमधील बहुतेक काम एकाच कोअरवर चालते, त्यामुळे रेखाटनाच्या चार यंत्रांसाठी अधिक कोअरचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. रायझन ५ ९६००एक्स किंवा कोअर अल्ट्रा ५ २४५के यांपैकी जो बोर्डासह स्वस्त पडेल तो घ्यावा. येथे कंपनीपेक्षा रॅमला अधिक महत्त्व द्यावे. रेंडरिंगच्या यंत्राबाबत आधी एक गोष्ट तपासा: आपले रेंडरिंगचे सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डावर चालते की प्रोसेसरवर? कार्डावर चालत असेल तर इंटेल की एएमडी हा वाद तेथे जवळपास निरर्थक आहे आणि पैसे कार्डात घालावेत. प्रोसेसरवर चालत असेल तर सोळा कोअरचा रायझन ९ घ्यावा आणि बायोसमध्ये वीजमर्यादा मूळ १७० वॉटऐवजी १०५ वॉटच्या गटात आणावी. रात्रभराचे काम थोडे उशिरा संपेल, पण इंदूरच्या मे महिन्यात बंद खोलीत पंख्यांचा आक्रोश ऐकावा लागणार नाही. तरीही तापमान नव्वदच्या पुढे गेले तर घाबरू नका. रायझन ७००० पासून ९५ अंशांपर्यंत चालणे रचनेतच गृहीत धरलेले आहे.

लष्करवाले (ग्वाल्हेर)

सिल्व्हर मॉलमध्ये भाव विचाराल तेव्हा ‘बॉक्स’ आणि ‘ट्रे’ असे दोन भाव सांगितले जातील. ट्रेचा प्रोसेसर तोच असतो आणि स्वस्त असतो, पण त्याची हमी कंपनी थेट देत नाही, दुकानदार देतो, आणि दुकानदार किती टिकेल याची हमी कोण देणार? बॉक्सच घ्या, डब्यावरचा क्रमांक बिलावर उतरवून घ्या. प्लॉटर आणि डोंगल दुकानात न्यायला जड वाटत असतील तर निदान डोंगल तरी न्या आणि नव्या यंत्रावर विंडोज ११ मध्ये ते ओळखले जाते का हे पैसे देण्यापूर्वी पाहून घ्या. जुना ड्रायव्हर विंडोज ११ ला चालला नाही तर तिथे इंटेलही कामाचा नाही आणि एएमडीही नाही.